डायकरची मुखरचना

डायकर हा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळणारा कुरंग हरणांचा समूह आहे. गवताळ प्रदेशातील सामान्य डायकर वगळता त्याच्या बहुतेक जाती दाट जंगलात राहतात. सर्वांत लहान जातींपैकी निळ्या डायकरचे वजन साधारण ५ किलोग्रॅम असते, तर पिवळ्या पाठीचा डायकर ६० किलोग्रॅमहून अधिक भरू शकतो. आफ्रिकान्स भाषेतील या नावाचा अर्थ ‘बुडी मारणारा’ असा होतो. चाहूल लागताच हा प्राणी झुडपात सूर मारतो. त्यामुळे त्याचा चेहरा जवळून दिसतो तो प्रामुख्याने जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांमधूनच.

कपाळावरील केसांचा तुरा हे या समूहाचे ठळक लक्षण आहे. ‘सेफॅलोफस’ हे प्रजातीनाम ‘डोके’ आणि ‘तुरा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. शिंगे आखूड, सरळ व मागे कललेली असून पुष्कळदा तुऱ्यातच झाकली जातात. बहुतेक जातींत नर व मादी दोघांनाही शिंगे असल्याने केवळ शिंगांवरून नर ठरवणे चुकीचे होय. फळे हे मुख्य अन्न असलेल्या या प्राण्याचे तोंड रुंद उघडते.

नेत्रपूर्व ग्रंथी

डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान, गालावर, केसविरहित काळसर रेघ दिसते. नवख्या निरीक्षकाला ती जखम किंवा दुसरी नाकपुडी वाटण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात ते गंधग्रंथीचे मुख होय. अनेक कुरंगांत ही ग्रंथी डोळ्याच्या कोपऱ्याजवळील खळग्यात असते. महाराष्ट्राच्या जंगलांतील चौसिंग्यालाही डोळ्यापुढे अशी ग्रंथी आहे. डायकरमध्ये मात्र ती डोळ्यापासून काहीशी दूर असून तिचा स्राव एका ओळीतील सूक्ष्म छिद्रांवाटे पाझरतो. प्राणी गाल फांदीवर घासून आपल्या क्षेत्राची खूण ठेवतो. निळा डायकर व मॅक्सवेलचा डायकर आपल्या जोडीदाराच्या गालाला गाल लावून ग्रंथी एकमेकींवर दाबतात. कॅमेऱ्यात हे दृश्य प्रेमालापासारखे दिसते; परंतु झुंजीपूर्वी प्रतिस्पर्धी नरही असेच करताना आढळले आहेत.

छायाचित्रावरून ओळख

रात्रीच्या अवरक्त प्रकाशातील चित्रात रंग उरत नाही आणि डोळ्यांमागील परावर्तक पटलामुळे डोळे पांढरे चमकतात. मध्य आफ्रिकेत तांबूस वर्णाच्या अनेक जाती एकाच जंगलात राहतात. अशा वेळी चेहऱ्यावरील खुणांना महत्त्व येते. काळ्या कपाळाच्या डायकरच्या नाकापासून कपाळापर्यंत गडद पट्टा असतो. चित्रावर नोंदलेली वेळही उपयोगी पडते: बे डायकर निशाचर, तर पीटर्सचा डायकर दिवसा वावरणारा आहे. हा काटेकोरपणा अनाठायी नाही. मांसासाठी डायकरची मोठ्या प्रमाणावर शिकार होते. जाती ओळखण्यात चूक झाल्यास एखादी दुर्मीळ जात सामान्य जातीच्या आकड्यांत मिसळून जाते आणि तिची घट लक्षातच येत नाही.

टांझानियाच्या डोंगरी जंगलांपुरता मर्यादित असलेला ॲबटचा डायकर संकटग्रस्त आहे. गडद अंग, त्या मानाने फिकट चेहरा व कपाळावरील तांबडा तुरा ही त्याची ओळख. नैसर्गिक अधिवासातील त्याचे पहिले छायाचित्र २००३ साली मिळाले.