दर्या की दऱ्या : अक्षराचे घर आणि संगणकाचा पडदा

एका दिवंगत लेखकमित्राचे ललित लेख पुस्तकरूपाने काढण्याचे आम्ही काहीजणांनी ठरवले, तेव्हा एक पाठभेद आमच्यासमोर उभा राहिला. आमच्या जुन्या अनियतकालिकात छापलेल्या त्याच्या एका लेखात घाटमाथ्यावरच्या पहाटेचे वर्णन होते आणि त्यात क्रियापद नसलेले एक तुटक वाक्य होते : पायाखाली कडा, समोर दर्या. छापील अंकात 'दर्या' म्हणजे समुद्रच होता. आमच्यापैकी निम्म्यांचे मत असे, की धुक्याने भरलेल्या खोऱ्यांना त्याने समुद्र म्हटले असून वाक्याचे सारे सौंदर्य त्या रूपकातच आहे. उरलेल्यांचे म्हणणे, की त्याने साधे 'दऱ्या' लिहिले असणार. रूपक ही जुळणीच्या चुकीची कृपा. हस्तलिखित नव्हते, कारण तो लेख त्याने कचेरीतल्या संगणकावर स्वतःच टंकलिखित केला होता. मागे उरली होती ती एक फ्लॉपी.

फ्लॉपी वाचणारे यंत्र आता कुणाच्या घरी नसते. बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातून निघून पासोड्या विठोबाच्या बाजूला तपकीर गल्लीत शिरावे, तर थोड्याच पावलांत पुस्तकांची बाजारपेठ मागे पडते आणि तारा, कळफलक, सुटे भाग, मोडीत निघालेली यंत्रे यांची सुरू होते. मराठी ग्रंथव्यवहार आणि त्याला गेल्या काही दशकांत गिळून पुन्हा बाहेर टाकणारे तंत्र, ही दोन्ही एकाच पेठेत एकमेकांना पाठ लावून बसली आहेत. तिथून आम्ही एक जुना संगणक आणला. त्याची स्मृती इतकी तुटपुंजी होती, की खिडक्या-चित्रांची आधुनिक सजावट त्याला पेलवेना. तेव्हा त्यावर लिनक्स बसवून निव्वळ अक्षरांच्या काळ्या पडद्यावरच काम करणे भाग पडले. या पडद्याला तंत्रज्ञ 'कन्सोल' म्हणतात. यंत्र सुरू होताना पहिले शब्द त्यावर उमटतात, आणि यंत्र बिघडले की शेवटचेही.

पहिले काम पडद्याची मांडणी लावण्याचे. सेटफॉन्ट नावाची आज्ञा दिली, की पडद्यावरचा टंक बदलतो. सोळा बिंदू उंचीचा टंक घेतला तर पंचवीस ओळी मावतात. आठ बिंदूंचा घेतला तर पन्नास. पण कितीही बदल केले तरी एक गोष्ट बदलत नाही : पडदा म्हणजे घरांचा तक्ता, आणि एका घरात एक चिन्ह. आडवी ऐंशी घरे ही तर परंपराच. आयबीएमच्या १९२८च्या छिद्रित पत्त्यावर ऐंशी स्तंभ होते. १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ऐंशी घरांच्या चोवीस ओळी होत्या. पुढे वैयक्तिक संगणकानेही तीच ऐंशी घरे घेतली. मुद्रणालयातल्या जुळाऱ्याला हे ओळखीचे वाटले असते. त्याच्यापुढेही खणांची पेटी असे आणि प्रत्येक खणात एका जातीचे खिळे. फरक इतकाच, की देवनागरीच्या जुळाऱ्याला शेकडो खण लागत आणि मात्रा, वेलांट्या, रफार वर-खाली बसवण्यासाठी कसब लागे. संगणकाच्या पेटीत खण होते दोनशे छप्पन्न, आणि वर-खाली बसवण्याची सोयच नव्हती.

आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए या रचनेचा एक बारकावा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तिच्यात प्रत्येक घर नऊ बिंदू रुंद असते (ऐंशी घरांचे सातशेवीस बिंदू), पण टंक मात्र आठच बिंदूंचा. नववा स्तंभ रिकामा राहतो. लॅटिन अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत एवढ्यासाठीच तो. अपवाद फक्त बत्तीस चिन्हांचा. चौकटी आखण्याच्या आडव्या रेघा तुटू नयेत, म्हणून त्या बत्तीस जागी आठवा स्तंभ नवव्यात पुन्हा उमटतो. म्हणजे हिशेबाच्या तक्त्याची चौकट अखंड राहावी याची काळजी यंत्र घडवणाऱ्यांनी घेतली होती. आपल्या शिरोरेषेला हवे होते ते नेमके हेच; पण त्या बत्तीस जागांबाहेर प्रत्येक अक्षरापाशी तिला भोक पडणार. कुणी दुष्टाव्याने हे केले असे नाही. शिरोरेषा असणाऱ्या लिप्या जगात आहेत, हे त्या खोलीत कुणाच्या ध्यानी आले नाही, एवढेच.

चिन्हांची मर्यादा पाचशे बारापर्यंत वाढवता येते, मात्र त्याची किंमत मोजावी लागते : ठळकपणाचा एक अंश त्यासाठी खर्ची पडतो आणि अक्षरांचे रंग सोळावरून आठावर येतात. पाचशे बारांत देवनागरीची बहुतेक जोडाक्षरे बसवता येतील, असा विचार कुणाच्याही मनात येईल. आमच्याही आला. पण अडचण संख्येची नाहीच. 'स्त्री' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याच्या लेखी ते एक अक्षर. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हांची रांग : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येक चिन्ह किती घरे अडवते हे मोजण्याची टर्मिनलांची जी रूढ रीत आहे, तिच्यात हलन्त शून्य घरे घेतो आणि बाकीची चिन्हे एकेक. म्हणजे एका अक्षराला चार घरे. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात व्यंजनानंतर येऊन लिहिताना त्याच्या आधी बसते. घरांच्या तक्त्यात मागचे घर ओलांडून पुढे जाण्याची मुभा नाही. चिनी लिपीचा प्रश्न संख्येचा होता; तिला दोन घरे जोडून दिली की भागले. इथिओपियन लिपीत स्वरासहित प्रत्येक अक्षराची आकृती स्वतंत्र आणि आपल्या घरात पूर्ण. डेबियन या लिनक्स-प्रणालीत कन्सोलची मांडणी लावताना लिप्यांची यादी पुढे येते. तिच्यात इथिओपियन, लाओ, थाई, जॉर्जियन, आर्मेनियन सारे आहेत. देवनागरी नाही. २००७ साली डेबियनच्या चौथ्या आवृत्तीत प्रणाली बसवण्याचा चित्ररूप मार्ग उपलब्ध झाला, तेव्हा हिंदी, बंगाली, गुजराती यांसारख्या भाषांना तिथे प्रवेश मिळाला तो त्या मार्गानेच. अक्षरांच्या पडद्याचे दार त्यांना बंदच राहिले.

लिपी घरात मावत नसेल तर काय करावे, हा प्रश्न मात्र संगणकाने प्रथम विचारलेला नाही. मुद्रण आणि टंकलेखन यांनी तो आधीच विचारला होता आणि त्याचे सर्वांत धीट उत्तर असे होते, की लिपीच बदलावी. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली ती खिळे वाचवण्यासाठीच. 'इ', 'उ' यांच्या स्वतंत्र आकृती टाकून 'अ'लाच वेलांट्या-उकार लावावेत, ही ती योजना. १९५३च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेऊन आखूड दांडीने ती दीर्घापासून वेगळी करावी, अशी शिफारस केली. वाचकांच्या डोळ्यांनी ती स्वीकारली नाही आणि काही वर्षांतच तो बदल मागे घ्यावा लागला. या सुधारकांना आज हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. खिळ्यांचे ओझे ज्यांनी उचलले त्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते. पण यंत्र अढळ आणि लिपी लवचीक, हे त्यांचे गृहीतक आम्हांला मान्य होत नाही.

दुसरे उत्तर अक्षर तोडण्याचे. टंकलेखनयंत्राने तेच केले : अर्धी अक्षरे, सुट्या मात्रा, वेगळा काना. आणि तिसरे उत्तर पुण्याशी जोडलेले आहे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांच्या संगणकावर काम चालू होते आणि १९८३ साली दिल्लीतील तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनाच्या निमित्ताने तिथला देवनागरी संगणक लोकांपुढे आला. त्या परंपरेतून 'जिस्ट' हे तंत्र घडले, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर त्याचा विकास इथे होत राहिला. जिस्ट कार्ड हे संगणकात खोचण्याचे एक पान असे. त्याची युक्ती साधी होती. इंग्रजी चिन्हांचे पहिले एकशे अठ्ठावीस आकडे जसेच्या तसे ठेवायचे. वरच्या आकड्यांत भारतीय वर्णमाला बसवायची. आणि तीही आकृतींच्या क्रमाने नव्हे, उच्चाराच्या क्रमाने. 'क' कसा दिसतो हे स्मृतीत नसे. 'क' आहे, एवढेच असे. जोडाक्षर कसे घडवायचे, वेलांटी कुठे न्यायची, हे कार्डाने पडद्यापाशी ठरवायचे. मूळ आज्ञावलीला याचा पत्ताही लागत नसे. ती आपली घरे भरत राही. युनिक्स यंत्रांना जोडण्यासाठी याच तत्त्वावरची टर्मिनलेही निघाली. ही वर्णमाला पुढे इस्की या नावाने १९९१ साली भारतीय मानक ठरली आणि युनिकोडमधला देवनागरीचा क्रमही तिच्याच आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवर बेतला गेला.

वर्ण आणि त्याची आकृती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे व्याकरणाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण त्या भेदाला यंत्रात जागा देणे ही लहान कामगिरी नव्हे. तरीही कार्डे टिकली नाहीत. ती विकत घ्यावी लागत, बसवावी लागत. आणि पडदे चित्ररूप झाल्यावर निव्वळ टंक बसवून मराठी दिसू लागली, तेव्हा कार्डाची गरज कुणाला वाटेना. नव्वदच्या दशकात पेठापेठांतून अक्षरजुळणीची जी दुकाने निघाली, त्यांतले बहुतेक टंक दुसऱ्या, म्हणजे तोडण्याच्या पंथाचे होते. लॅटिन 'ए'च्या जागी अर्धा क, स्वल्पविरामाच्या जागी एखादी मात्रा, अशी त्यांची व्यवस्था. शिवाय प्रत्येक टंकाची निराळी. जुळाऱ्याची खणांची पेटी संगणकात परत आली होती, फक्त खणांवरची नावे इंग्रजी होती. छपाई झकास होई. फाईल दुसऱ्या यंत्रावर नेली, की तिची रद्दी. विंडोज २००० आणि र. कृ. जोशी यांचा 'मंगल' टंक आल्यानंतर वर्ण आणि आकृती यांची फारकत सर्वांच्या पडद्यावर पोहोचली. तोवर एका दशकाचे मराठी लेखन अशा रद्दीत गेले होते. साहित्याच्या इतिहासकारांनी या दशकाची झीज अजून मोजलेली नाही.

आता फ्लॉपीकडे वळू. तिच्यावर त्याच लेखाच्या दोन फाईली निघाल्या. एक जुळणीच्या दुकानातली. कन्सोलवर उघडली तर लॅटिन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा कचरा. तिसरी प्रत आमच्यापैकी एकाने छापील अंकावरून अलीकडे युनिकोडमध्ये उतरवलेली होती. ती त्या पडद्यावर नुसती ठोकळ्यांची रांग. आणि उरली ती सर्वांत जुनी, लेखकाने स्वतः लिहिलेली फाईल. तीही वाचता आली नाहीच, पण तिच्यात एक विलक्षण शिस्त दिसली : सगळी चिन्हे वरच्या आकड्यांतली, ओळी मात्र नीट तुटलेल्या. त्याच्या कचेरीत जिस्ट कार्ड होते, हे आमच्यातल्या एकाला आठवले.

मग टंक लावण्याचा नाद आम्ही सोडला. कन्सोलला मराठी दाखवता येत नव्हती, पण आकडे दाखवता येत होते. ओडी ही युनिक्सची फार जुनी आज्ञा फाईलमधला प्रत्येक आकडा जसाच्या तसा मांडते. ते वाक्य शोधायला एक संध्याकाळ लागली. इस्कीच्या तक्त्यात साध्या 'र'चा आकडा २०७ आहे. त्याच्या पुढचा २०८ हा टिंब असलेल्या 'ऱ'चा. मराठीतला चंद्रकोरीसारखा अर्धा र, 'दऱ्या'तला, 'आचाऱ्या'तला, याच 'ऱ'ला हलन्त लावून लिहिला जातो. 'दर्या'तला रफार मात्र साध्या 'र'पासून होतो. दिसण्यात दोहोंचा संबंध नाही. आकड्यांत एकाचा फरक.

पडद्यावर होते : १९६, २०८, २३२, २०५, २१८. द, ऱ, हलन्त, य, काना.

जुळणीच्या दुकानात 'ऱ्य' बहुधा चटकन सापडला नसावा, किंवा मुद्रितशोधकाला समुद्र अधिक आवडला असावा. रूपकाच्या बाजूचे आमचे मित्र अजून म्हणतात, की लेखकाने छापील अंक पाहिला होता आणि तक्रार केली नव्हती. पुस्तकात आम्ही 'दऱ्या' छापले, आणि खाली टीप दिली.