‘टीव्हीतल्या आईसारखी’ : तळटीप

‘टीव्हीतल्या आईसारखी’ : रोख ‘आई कुठे काय करते’ या स्टार प्रवाहवरील मालिकेकडे (डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४). मूळ बंगाली ‘श्रीमोयी’. मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती देशमुख नवऱ्याचे बाहेरचे संबंध कळल्यावर घटस्फोट घेते, गाण्याकडे वळते आणि पुढे दुसरे लग्नही करते. पंचविशी गाठलेला संसार मोडणारी आई घरोघरी रोज संध्याकाळी दिसू लागली, हे मराठी मालिकांत मोठेच धाडस होते. अमेरिकी टीव्हीवर स्त्रीच्या चित्रणातला असा बदल पूर्वीच झाला होता. ‘लीव्ह इट टू बीव्हर’मधली (१९५७–६३) जून क्लीव्हर गळ्यात मोत्यांची माळ घालून घरकाम करी, १९७० साली मेरी टायलर मूरची तिशीतली अविवाहित नायिका वृत्तविभागात नोकरीला लागली.

लेखिकेच्या भोवतालचे चित्र मात्र वेगळे आहे. तिचे बेगडेवाडी हे पुणे–लोणावळा लोकलचे देहूरोड आणि घोरावाडी यांमधले स्थानक. तिथल्या ज्या मैत्रिणींबद्दल ती लिहिते, त्या पिंपरी-चिंचवडला कामाला जातात आणि परतीच्या लोकलमध्ये पदरात मेथी निवडतात. म्हणजे नोकरी मिळाली, पण चूल सुटली नाही. मालिकांनी हा भाग फारसा दाखवलेला नाही, आणि तो दाखवायलाच हवा होता. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या; पुरुष ९७. पुढचे प्रकरण हे आकडे लक्षात ठेवून वाचावे. – संपा.