चुन्याच्या भिंतीवरचा पाहुणा

मागच्या शनिवारी रात्री बाथरूमचा दिवा लावला, तर टाइल्सवर एक तपकिरी बेडूक चिकटून बसलेला. आई म्हणाली, "अरे, आधी बाहेर काढ त्याला!" काढला. पण मग त्याची कुंडली शोधता शोधता एक वाजला.

याचं इंग्रजी नाव चुनाम ट्री फ्रॉग. चुनाम म्हणजे आपला चुनाच. घरांच्या चुन्याच्या भिंतींना चिकटून बसायचा, म्हणून हे नाव पडलं. १८३० मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ ठिपकेवाला. म्हणजे बघा, चुना जाऊन टाइल्स आल्या, तरी स्वारी आहे तिथेच!

गंमत पुढे आहे. हा अंडी पाण्यात घालत नाही. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या फांदीवर जोडी बसते, मादी चिकट द्रव सोडते आणि पायांनी घुसळून त्याचा फेस करतात. अंडी त्या फेसात. वरचा थर सुकतो, आतला ओलावा टिकतो आणि माशांना अंडी मिळत नाहीत. काही दिवसांनी पिल्लं टपाटप खाली पाण्यात पडतात.

थोडक्यात काय, त्याला झाड हवं आणि खाली साचलेलं पाणीही हवं. आपल्या वसईत हे दोन्ही एकत्र मिळायचं ते बावखलांवर. वाडीतलं हे गोडं तळं. पूर्वी त्याच्या काठी रहाट चालायचे, केळी-पानवेली भिजायच्या. मग पंप आले, नळ आले, जमिनीला भाव आले. बावखल म्हणजे फुकट गेलेली जागा वाटू लागली आणि बरीच बुजली.

१९८७ मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. शेतातल्या मोठ्या बेडकांसाठी ते चांगलंच झालं. तुंगारेश्वरचं जंगल २००३ पासून अभयारण्य आहे, तेही उत्तम. पण वाडीतल्या या बेडकाला ना कुणी पकडत होतं, ना तो अभयारण्यात राहतो. त्याचं तळंच भरून टाकलं, तर कुठला कायदा त्याच्या कामी येणार?

आज हा बेडूक जगाच्या धोक्याच्या यादीत नाही. पण बावखल पावसाचं पाणी पोटात घेतं, विहिरींना पाझर देतं. जुलै २०१८ मध्ये वसई तुंबली, ते दिवस आठवतात ना? तेव्हा उरलेली बावखलं राखणं ही बेडकावर मेहेरबानी नाही, आपलीच सोय आहे.

असो. पाहुणे काल परत आले. यावेळी आईच म्हणाली, "राहू दे, सकाळी जाईल."