उद्याच्या जगात वावर कोणाच्या नावावर?

दोस्तहो, उद्याच्या जगाच्या विज्ञानकथा आपली पोरं आवडीनं वाचतात. पण त्यातल्या यंत्रांचा मालक कोण, हे कोणी विचारत नाही. एच. जी. वेल्सनं १८९५ साली ‘टाइम मशीन’मध्ये ते विचारलं. आठ लाख वर्षांनंतर वर उजेडात आयतं खाणारे, खाली भुयारात यंत्रं चालवणारे. मालक-मजूर भेद वाढत जाऊन माणसाच्या दोन जाती झालेल्या! वेल्सला ती कल्पना वाटली. आपण ते भोगलं. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला.

बाबासाहेबांनीही उद्याचा समाज लिहिला, तो कायद्याच्या कलमांत. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’, १९४७. मूळ उद्योग, विमा, शेती सरकारच्या मालकीची. मालकाला मोबदला रोख्यांत. जमीन गावच्या कुटुंबांना, जातपात न बघता, सामूहिक कसायला. पाणी, जनावरं, अवजारं, खत, बी सरकारचं. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. आणि हे घटनेतच लिहा, दहा वर्षांत अमलात आणा. कारण साधा कायदा आज एका बहुमतानं होतो, उद्या दुसऱ्या बहुमतानं मोडतो.

घटनेत ते आलं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ला त्यांनी बजावलं, राजकारणात समता येईल, पण आर्थिक जीवनात विषमताच राहील.

मग आपल्या वऱ्हाडात काय झालं? १९७२ला एकाधिकार कापूस खरेदी आली. १९७४ला अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल सरकारची झाली. कोणी म्हणेल, आला की बाबासाहेबांचा समाजवाद! नाही आला. सरकारनं कापूस घेतला, पण वावर ज्याचं त्याच्याच नावावर राहिलं. पऱ्हाटीत वाकून वेचणाऱ्या बाईच्या हाती वेचणीची मजुरी तेवढी. गिरण्या घेतल्या त्याही बुडीत. नफ्यातल्या मालकांकडंच राहिल्या. आणि तीस वर्षांनी कापसाचा बाजार व्यापाऱ्याला पुन्हा मोकळा झाला. कलम घटनेत का पाहिजे होतं, ते आता कळतं.

म्हणून दोस्तहो, कोणी उद्याच्या समाजाचं चित्र दाखवलं तर आधी विचारा, यात मत कोणाचं आणि मालकी कोणाची? गावात गेलात तर भाषणाआधी तलाठ्याकडं जा. सातबारा वाचा. आपल्या वस्तीतली किती नावं त्यात आहेत, मोजा. कामाला तिथून लागू.

जय भीम!