डेंटल हायजिनिस्ट : निरंतर शिक्षणाची अट

दातांवरील कीटण काढणे, दात स्वच्छ करणे आणि मुखस्वच्छतेविषयी मार्गदर्शन करणे हे डेंटल हायजिनिस्टचे काम होय. भारतात दंतवैद्यक अधिनियम, १९४८ मध्ये या व्यवसायाची व्याख्या करण्यात आली.

पदविका एकदाच मिळते. शास्त्र मात्र बदलत राहते. हिरड्यांच्या विकारांचे नवे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वीचा ‘जुनाट’ आणि ‘आक्रमक’ हा भेद त्यात राहिला नाही. हिरडीखालील हाडापर्यंत पोहोचलेल्या विकारासाठी चार टप्पे व तीन श्रेणी ठरल्या. आधी शिकलेल्यांना ही पद्धत नव्याने आत्मसात करावी लागली.

यासाठी ब्रिटनमध्ये निरंतर शिक्षण बंधनकारक आहे. तेथील जनरल डेंटल कौन्सिलच्या नियमानुसार हायजिनिस्टला पाच वर्षांत किमान ७५ तासांचे, तर दंतवैद्याला १०० तासांचे पडताळणीयोग्य शिक्षण घ्यावे लागते. कोणत्याही सलग दोन वर्षांत किमान १० तास भरणे आवश्यक असल्याने सारे शिक्षण अखेरच्या वर्षावर ढकलता येत नाही. वैद्यकीय आणीबाणी, निर्जंतुकीकरण आणि क्ष-किरण सुरक्षा या विषयांची विशेष शिफारस आहे. अट न पाळल्यास नोंदवहीतून नाव वगळले जाऊ शकते. नोंदणीशिवाय तेथे हा व्यवसाय करता येत नाही.