पिठाचा कोंबडा : पापपुण्याच्या विचाराचा एक इतिहास

मानव विचार करू लागला तेव्हापासून एक प्रश्न त्याची पाठ सोडीत नाही. माणसाच्या ठायी दुष्टपणा येतो कोठून? इराणच्या प्राचीन झरथुष्ट्री धर्मविचाराने अहुर मज्दाच्या विरोधात अंग्रमैन्यू ही अशुभ शक्ती मानली. ख्रिस्ती परंपरेत माणसाला मोहात पाडणारा सैतान आला. जैन दर्शनाने मात्र हा दोष बाहेरच्या कोणावरही ढकलला नाही. या दर्शनात जगाचा निर्माता ईश्वर नाही, तसा जगाला बिघडविणारा सैतानही नाही. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय जीवाच्या स्वतःच्याच ठायी उद्भवतात. त्यांच्यामुळे कर्माचा बंध पडतो आणि ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते. म्हणून वाईटाचा शोध घ्यावयाचा तर तो स्वतःच्या मनातच घ्यावा लागतो.

हा विचार सर्वसामान्य श्रावकांच्या हृदयात रुजविण्याचे कार्य तत्त्वग्रंथांइतकेच एका कथेने केले. ती कथा म्हणजे राजा यशोधराची. हिचा विदर्भाशी जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

उज्जयिनीचा राजा यशोधर एका रात्री आपली राणी अमृतमती हिला एका कुबड्या सेवकाच्या संगतीत पाहतो. तलवार उपसावी असे त्याला क्षणभर वाटते, परंतु तो स्वतःला आवरतो. सकाळी आईला खरे कारण सांगणे त्याला जमत नाही. वाईट स्वप्न पडले, आता संन्यास घ्यावा असे वाटते, एवढेच तो सांगतो. स्वप्नाच्या शांतीसाठी देवीला पशुबळी द्यावा, असा आई चंद्रमतीचा आग्रह असतो. जिवंत प्राणी मारण्यास राजा नकार देतो. अखेरीस मायलेकांत तडजोड होते आणि पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापला जातो. पुढे राणी दोघांनाही विषप्रयोगाने मारते. त्यानंतर माता आणि पुत्र मोर व कुत्रा, नंतर साप व मुंगूस, अशा पशुयोनींतून भटकत राहतात आणि शेवटी खऱ्या कोंबड्यांच्या जन्माला येतात. मुनींचा उपदेश कानी पडल्यावर त्यांची त्या फेऱ्यातून सुटका होते व ते अभयरुची आणि अभयमती या भावंडांच्या रूपाने मनुष्यजन्म घेतात. मारिदत्त राजा नरबळीसाठी या दोघांना पकडून आणवितो. मृत्यू समोर उभा असताही ती भावंडे शांत असतात. त्यांच्या तोंडून पूर्वजन्मांची कहाणी ऐकून राजाच्या हातातील शस्त्र गळून पडते.

ही कथा अनेक शतके अनेक भाषांतून फिरत राहिली. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये संस्कृतात ‘यशस्तिलक’ रचले. त्याच सुमारास राष्ट्रकूटांच्या मान्यखेट या राजधानीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड येथे, महाकवी पुष्पदंत अपभ्रंश भाषेत लिहीत होते. मूळच्या ब्राह्मण घराण्यातील या कवीने जैन धर्माचा स्वीकार केला होता आणि मंत्री भरत व त्यांचे पुत्र नन्न हे त्यांचे आश्रयदाते होते. नन्न यांच्या आश्रयाने त्यांचे ‘जसहरचरिउ’ सिद्ध झाले. कन्नड कवी जन्न याने इ. स. १२०९ मध्ये हीच कथा काव्यबद्ध केली, तर सोळाव्या शतकात मेघराज यांनी ‘जसोधर रास’ रचून ती मराठीत आणली.

पुष्पदंतांचे काव्य आधुनिक काळात अभ्यासकांच्या हाती आले ते विदर्भातील कारंजा येथून. कारंजा लाड हे भट्टारकांच्या पीठांचे गाव. तेथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांत शेकडो हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या वेष्टनांत बांधून ठेवलेली होती. श्रुतपंचमीला पोथ्या बाहेर काढाव्यात, त्यांना ऊन दाखवावे आणि नव्या कापडात बांधून पुन्हा ठेवाव्यात, ही जुनी रीत. अक्षर न वाचता येणाऱ्या हातांनीही ही सेवा निष्ठेने केली, म्हणूनच वाचणारा येईपर्यंत ते अक्षर टिकले. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध केली, तेव्हा या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. १९३१ मध्ये डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून प्रकाशित झाले. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी पुढे अपभ्रंशातील आणखी ग्रंथ उजेडात आणले आणि १९३९ पासून ‘षट्खंडागमा’चे खंड अमरावतीहून प्रसिद्ध करण्याचे महत्कार्य आरंभिले.

कथा वाचून कोणाच्याही मनात एक शंका येते. कोंबडा पिठाचा होता. रक्ताचा थेंबही सांडला नाही. राजा तर जिवंत प्राणी मारावयास तयारच नव्हता. मग एवढी शिक्षा कशासाठी? ही शंका निराधार नाही. गिरीश कार्नाड यांनी याच कथेवर ‘हिट्टिन हुंज’ हे कन्नड नाटक लिहिले, त्याच्याही मुळाशी हाच पेच आहे.

जैन आचार्यांचे उत्तर स्पष्ट आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’ने हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी मनाची प्रमत्त अवस्था सांगितली आहे. दहाव्या शतकातील अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त याच विचाराचा विस्तार केला. रागद्वेषादी भाव उत्पन्न होणे हीच हिंसा, मग समोरचा जीव मरो वा न मरो. सावधपणे चालणाऱ्या साधूच्या पायाखाली नकळत जीव आला तरी तेवढ्याने तो हिंसक ठरत नाही. यशोधराने पिठावर शस्त्र चालविले, परंतु त्या पिठाला त्याने कोंबडा मानले होते आणि देवीने तो बळी म्हणून स्वीकारावा अशी त्याची इच्छा होती. संकल्प पूर्ण झाला होता, अपुरे होते ते फक्त रक्त.

येथे या कथेची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. पिठाच्या कोंबड्याने खरे पाप घडते, तर पिठाच्या पुण्याने खरे पुण्य घडेल काय? भावच जर प्रमाण, तर तो दोन्ही पारड्यांत सारखाच प्रमाण धरावा लागेल. पाटीवरील नावासाठी दिलेले दान, रसनेवरील ताबा न वाढविणारा उपवास आणि ज्याच्याशी वैर आहे त्याला वगळून साऱ्या जगाची मागितलेली क्षमा, ही सगळी पिठाचीच पुण्ये होत. दानाच्या रकमेने शाळा उभी राहते, रुग्णाला औषध मिळते, त्याचे मोल कमी नाही. परंतु दात्याच्या आत्म्याच्या खात्यावर काय जमा झाले, हे पावती पाहून कळत नाही.

‘तत्त्वार्थसूत्रा’चे कर्ते उमास्वामी हे जाणून होते, म्हणूनच त्यांनी सत्‌प्रवृत्तीची कसोटी देवळापुरती ठेवली नाही. अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना त्यांनी चोरीचा माल घेणे, घेताना व देताना वेगवेगळी मापे वापरणे आणि चांगल्यात हलके मिसळून विकणे यांची स्पष्ट नोंद केली. गजाने कापड मोजताना बोटभर मागे सरकणारा अंगठा ग्राहकाला दिसत नाही. चांगले आणि वाईट यांचा संग्राम बहुतेकांच्या आयुष्यात रणांगणावर होत नाही, तो त्या बोटभर अंतरात होतो.

ही जाणीव कोणा एका संप्रदायाची मिरास नाही. कन्हान नदीकाठच्या मौद्यातून एकीकडे रामटेकच्या भगवान शांतिनाथांच्या दर्शनाला यात्रेकरू जातात, तर दुसरीकडे मौद्यातच मानवधर्माचा आश्रम आहे. या मार्गाचे प्रवर्तक बाबा जुमदेव (१९२१–१९९६) नागपूरच्या विणकर कुटुंबात जन्मले. एक परमात्मा मानणारा त्यांचा विचार जैन दर्शनाहून वेगळा आहे. तरीही सत्य, मर्यादा आणि प्रेम यांवर त्यांनी भर दिला, व्यसने व अंधश्रद्धा सोडावयास लावली आणि गावोगावच्या कष्टकरी कुटुंबांना सांगितले की घरातील दुःखाचे मूळ भूतबाधेत शोधू नका, आधी स्वतःचे वागणे सुधारा. तत्त्वज्ञाने भिन्न असली तरी दोन्ही ठिकाणी माणसाला आरसा स्वतःकडेच धरावयास सांगितले आहे.

यशोधराच्या कथेचा शेवट शिक्षेत होत नाही, हे तिचे मोठेपण. अनेक जन्म भटकलेले दोन जीव अखेरीस दुसऱ्याच्या हातातील शस्त्र खाली ठेववितात. नरबळी देण्यास निघालेला मारिदत्तही शेवटी बदलतो. कोणताही माणूस मुळातून दुष्ट म्हणून टाकून देता येत नाही, असा विश्वास या कथेत आहे. कारंजाच्या पोथीचे वेष्टन सुटले आणि हजार वर्षांपूर्वीचे शब्द पुन्हा बोलू लागले. मनावरील वेष्टन मात्र ज्याचे त्यानेच सोडावयाचे असते.