इंजिनाची पारख आणि इंजिनाचे मोल

पौषी पौर्णिमेला आमच्या मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. घोंगड्या, मिठाई, पाळणे हे तर तेथे असतेच. पण त्या जत्रेचा खरा मान बैलबाजाराचा. बैल घ्यावयास आलेला शेतकरी पहिल्या झटक्याला किंमत विचारीत नाही. तो आधी बैलाचे तोंड उघडून दात मोजतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावर जुने जखमेचे वण आहेत काय ते चाचपतो आणि मग म्हणतो, "जरा चालवून दाखव." चार पावले चालवून, जमल्यास जू ठेवून पाहिल्यावर मग रुमालाखाली हात जातात आणि बोटांनी भाव ठरतो. न पाहता भाव करणाऱ्यासाठी आपल्या भाषेत म्हण आहे, "पाण्यात म्हैस, बाहेर मोल." अक्षरओळख नसलेला माणूसदेखील ही चूक करीत नाही. परंतु मोठमोठी सरकारे आणि कंपन्या यांनी ती केलेली आहे, आणि तिची किंमत ज्यांनी बैल घेतला त्यांनी नव्हे, तर ज्यांच्या मानेवर जू होते त्यांनी भरलेली आहे. आगगाडीच्या इंजिनाचा इतिहास आम्ही तुमच्यापुढे मांडणार आहोत तो एवढ्याचसाठी.

आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली; जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर, उसन्या पुस्तकांतून. म्हणून तांत्रिक बाबतीत आमच्या बोलण्यात खोट निघाल्यास जाणत्यांनी ती जरूर दाखवावी. कोणी म्हणेल, वाफेचे इंजिन आता राहिले कोठे? आपल्या देशात रुंद मार्गावरची शेवटची नेहमीची वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये धावली. मेलेल्या घोड्याचे दात मोजून काय उपयोग? उपयोग आहे. घोडा गेला, पण बाजार तोच आहे.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. जगन्नाथ शंकरशेट, ज्यांना मुंबई 'नाना' म्हणून ओळखते, त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी या मुरबाडास झाला. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ च्या सुमारास जी मंडळी खटपटीस लागली त्यांत नाना होते, आणि पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आमचे वाडवडील जिला नुसते 'जी. आय. पी.' म्हणत ती कंपनी निघाली, तिच्या आरंभीच्या हिंदी संचालकांतही ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली. १८५४ साली ती कल्याणास आली, १८५५ साली वाशिंदला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. शहापूर तालुक्याच्या अंगावरून असा लोखंडी रस्ता गेला. मुरबाड मात्र बाजूस राहिले. ज्या गावाने रेल्वेला संचालक दिला त्या गावच्या माणसाला आजही गाडी धरावयाची तर आधी कल्याण गाठावे लागते. असो.

त्या पहिल्या गाडीसाठी लागणारी इंजिने कोठून आली? इंग्लंडातील व्हल्कन फौंड्री या कारखान्याने १८५२ साली आठ इंजिने बांधून जहाजातून पाठविली. ती कशी असावीत, त्यांस किती द्यावे, ती तपासून कोणी घ्यावी, हे सारे तिकडेच ठरले. यात दोष नाही. त्या काळी येथे हे ज्ञान नव्हते. दोष होता तो पैशाच्या व्यवस्थेत. १८४९ च्या करारान्वये कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. रेल्वेचे उत्पन्न कमी पडले तर तूट सरकारी तिजोरीतून भरून द्यावयाची, आणि सरकारी तिजोरी म्हणजे मुख्यत्वेकरून शेतसारा. म्हणजे इंजिन स्वस्त मिळाले काय किंवा महाग मिळाले काय, भागीदाराचे ५ टक्के कोठे जात नव्हते. हिंदुस्थान सरकारचे एक माजी अर्थसदस्य मॅसी यांनी पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले की, व्याजाची हमी असेपर्यंत आपला पैसा विटाचुन्यात गेला की हुगळी नदीत फेकला गेला, याची भांडवलवाल्याला फिकीर नव्हती. म्हशाच्या बाजारात बैल घेणाऱ्याची थैली दुसऱ्याची असेल, तर तो दात कशाला मोजील?

पण इंजिनाची खरी परीक्षा आमच्या घाटाने घेतली. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्याच वर्षी ३१ जुलैला नानांचे निधन झाले. सुमारे साडेनऊ मैलांत गाडीला हजारास थोडी कमी इतकी फूट उंची चढावयाची, आणि चढण १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर. बैलगाडीवाल्याला हे कदाचित फारसे वाटणार नाही. परंतु लोखंडाच्या गुळगुळीत रुळावर लोखंडाचे गुळगुळीत चाक फिरते, तेथे एवढ्या चढावर चाक जागच्या जागी गरगरू लागते. म्हणून गाडीच्या मागून ढकलण्यास दुसरे इंजिन जोडावे लागे. मुंबईच्या सपाटीवर जे इंजिन उत्तम, ते कसाऱ्याच्या पुढे उत्तम असेलच असे नाही. इंजिन कागदावर पारखता येत नाही. ज्या वाटेने ते जावयाचे त्या वाटेवर चालवूनच पारखावे लागते. हा घाटाचा पहिला धडा.

दुसरा धडा अजमेरचा. राजपुताना-माळवा रेल्वेच्या अजमेर येथील कारखान्यात १८९५ साली एक छोट्या मापाच्या रुळांचे इंजिन बांधून तयार झाले. त्याचा क्रमांक एफ ७३४. हिंदुस्थानात बांधलेले पहिले इंजिन म्हणून ते आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवले आहे, आणि त्याचा खर्च १५,८६९ रुपये आला असे नोंदलेले आहे. पुढे १८९९ साली बिहारमधील जमालपूरच्या कारखान्यात 'लेडी कर्झन' नावाचे रुंद मार्गाचे इंजिन निघाले; त्याचा खर्च ३३,००० रुपये सांगतात. या दोन आकड्यांवरून घाईने कोणी म्हणेल की जमालपूर महाग आणि अजमेर स्वस्त. तसे नव्हे. एक छोट्या मार्गाचे, दुसरे रुंद मार्गाचे. शेळीच्या भावाशी म्हशीचा भाव कोण ताडून पाहतो? आणखी विचारावयाचे असे की, कारखान्याच्या इमारतीचा, यंत्रांचा, साहेबांच्या पगाराचा वाटा या खर्चात धरला होता की नव्हता? किंमत एका आकड्यात सांगितली जाते, पण तिच्या पोटात अनेक आकडे असतात. आम्ही पगारवाढीच्या वाटाघाटीस बसतो तेव्हा मालक ताळेबंदाचा शेवटचा आकडा पुढे करतो, आणि आम्ही म्हणतो, "शेठ, मधली पाने उलटा." इंजिनाच्या किमतीलाही हाच नियम लागू.

एवढे मात्र त्या दोन इंजिनांनी सिद्ध केले, की हिंदी कारागिराच्या हातांना हे काम जमते. मग पुढे काय झाले? इंग्रजी अमदानी संपेपर्यंत इंग्लंडातून जी इंजिने आली त्यांची संख्या १४,००० च्या वर जाते; येथे बांधलेली सुमारे ७००. हात होते, कसब होते, मागणी होती. नव्हती ती फक्त ऑर्डर.

याचा सर्वांत बोलका दाखला जमशेदपूरचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ साली, सरकारने जाहीर केले की रेल्वेला लागणाऱ्या इंजिनांच्या निविदा हिंदुस्थानातही मागविल्या जातील. या शब्दावर विसंबून पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली, कारखाना उभा राहिला. इतक्यात युद्धानंतरची मंदी आली, विलायती इंजिनांचे भाव कोसळले, आणि निविदा उघडल्या तर परदेशचा माल स्वस्त. कंपनीने संरक्षण मागितले. १९२४ साली टॅरिफ बोर्डाने प्रश्न तपासला आणि मत दिले की, असा कारखाना परवडावयाचा तर वर्षाला २०० इंजिनांच्या घरात मागणी हवी. तेवढी नाही, सबब संरक्षण नाही. कंपनी बुडाली. १९२७ साली सरकारने कारखाना विकत घेतला आणि तेथे डबे-वाघिणींचे काम सुरू केले. पुढे १९४५ साली तो टाटांकडे गेला आणि तेथे टेल्कोने इंजिने बांधली. म्हणजे जागा तीच, लोखंड तेच, माणसेही याच मातीची. टॅरिफ बोर्डाचा हिशेब चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. त्या दिवसाच्या भावाने तो बरोबरच होता. पण एका दिवसाचा भाव पाहून वीस वर्षांचे कसब मोडीत काढले, हा खरा तोटा कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही.

आता तिसरा धडा, आणि तो रक्ताचा आहे. १९२० नंतर रेल्वेने इंजिनांचे नवे नमुने ठरविले. हेतू चांगला होता. हलक्या प्रतीचा, राख फार असलेला देशी कोळसा स्वस्त पडे. तो जाळण्यास रुंद भट्टीचे इंजिन हवे होते. त्याप्रमाणे एक्स-बी वगैरे जातींची इंजिने काढली. परंतु थोडी आणून, चालवून, दोष काढून मग पुढची मागवावी, हे झाले नाही. पुरती कसोटी होण्याआधीच ती मोठ्या संख्येने घेतली गेली. वेगात धावताना ती आडवी हेलकावे खात आणि रुळांवर जोर देत. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे असे इंजिन लावलेली गाडी रुळांवरून उतरली आणि शंभरावर माणसे प्राणांस मुकली. न्यायमूर्ती थॉम यांची चौकशी झाली. पाठोपाठ परदेशी तज्ज्ञांची समिती बसली. इंजिनांची रचना आणि रूळ या दोहोंचे परीक्षण झाले. परीक्षण झाले, पण मागाहून. बैल घरी आणल्यावर त्याचे दात मोजले.

हा धडा पुढच्यांनी गिरविला, हे सांगावयास आम्हांस संतोष वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डब्ल्यू-पी हे उतारूगाडीचे नवे इंजिन ठरले, तेव्हा आधी अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याकडून केवळ १६ नमुने १९४७ साली मागविले. ती येथल्या रुळांवर, येथल्या कोळशावर चालविली आणि मग पुढची बांधवून घेतली. एकंदर साडेसातशेच्या वर. मोठ्या गोल नाकाचे ते इंजिन ज्यांनी पाहिले असेल त्यांना ते विसरता येणार नाही. मालगाडीसाठी डब्ल्यू-जी हे इंजिन आले, आणि १ नोव्हेंबर १९५० रोजी चित्तरंजनच्या सरकारी कारखान्यातून 'देशबंधु' नावाचे पहिले इंजिन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते देशाला मिळाले. आरंभी पुष्कळसे भाग बाहेरून येत. वर्षागणिक ते येथे होऊ लागले. १९७२ पर्यंत त्या एका कारखान्याने २,३५१ वाफेची इंजिने बांधली. अजमेरच्या कारागिराने १८९५ साली जे सिद्ध केले होते, ते मान्य होण्यास पंचावन्न वर्षे लागली.

श्रोतेहो, इंजिनाच्या पारखीत आणखी एक गोष्ट राहते, आणि ती कोणत्याच निविदेत नसते. इंजिनात बॉयलर असतो, दट्ट्या असतो, चाके असतात, तशी दोन-तीन माणसेही असतात. कसाऱ्याहून वर जाताना फायरमनने फावड्याने कोळसा सारावयाचा. पुढे भट्टीची आग, बोगद्यात शिरताच धूर आणि वाफ अंगावर. स्वस्त कोळसा म्हणजे अधिक राख, आणि अधिक राख म्हणजे अधिक फावडी. कागदावर जी बचत दिसे ती फायरमनच्या पाठीतून निघे. १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. त्यांतील एका जातीला लोक 'खेकडा' म्हणत. फायरमनची आग गेली. त्याच १९३० सालच्या फेब्रुवारीत जी. आय. पी.च्या कामगारांनी संप केला. विजेचे इंजिन आले म्हणून कामगाराचा प्रश्न आपोआप सुटला नाही. यंत्र बदलले तरी हिशेबाची वही तीच होती.

आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगून पुरे करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात नवे प्रेस-मशीन आले. सर्वांत कमी भावाचे म्हणून घेतले. घेण्यापूर्वी ते चालविणाऱ्यास कोणी विचारले नाही. हात आत गेला तर मशीन थांबावे अशी सोय त्यात नव्हती. तिसऱ्या महिन्यात एका कंत्राटी पोराची दोन बोटे गेली. आम्ही व्यवस्थापनाशी बोलावयास गेलो तेव्हा खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याने आम्हांस भावांचा तक्ता दाखविला. तक्ता अगदी बरोबर होता. बेरजेत चूक नव्हती. फक्त त्या पोराच्या बोटांसाठी त्यात रकाना नव्हता.

नवे यंत्र आले की आमची सभासदांस विनंती असते, चार गोष्टी विचारा. हे चालवून कोणी पाहिले, आणि आपल्याच कामावर पाहिले काय? बिघडल्यास दुरुस्त कोण करील, आपला माणूस की परगावचा? किंमत सांगता तीत काय धरले आहे आणि काय सोडले आहे? आणि ज्याच्या हाताखाली ते चालावयाचे त्याला विचारले काय? थळ घाट, अजमेर, जमशेदपूर आणि बिहटा यांनी हे चार प्रश्न आम्हांस शिकविले. परवा म्हशाच्या बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आम्ही ते सांगितले. त्याने बैलाचा खूर खाली ठेवला आणि म्हणाला, "मग यात नवं ते काय सांगितलंत, दादा?"